चार्जिंगची जागा कोणाची?

माझ्या आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या मुखावर स्मित उमटेल, याची मला कल्पना आहे. जगात एवढे मोठमोठे प्रश्न पडले असताना खाप्यासारख्या गावात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त शाळामास्तराने आपली पंधरा मिनिटे खर्च करावीत ती कशावर, तर विजेच्या मोटारींना चार्जिंगसाठी राखून ठेवलेल्या जागी पेट्रोलच्या मोटारी उभ्या राहतात, यावर! त्यातून बोलणारा काही विजेच्या मोटारीचा मालक नव्हे. माझी गाडी पेट्रोलची आहे, लहान आहे, आणि बरीच जुनी आहे. तेव्हा ‘तुम्हाला हो काय त्याचे?’ असा प्रश्न कोणी केला, तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर प्रथमच देऊन टाकतो. या खटल्यात मी फिर्यादी नाही; मी आरोपी आहे. आणि आरोपीने आपण होऊन दिलेला कबुलीजबाब न्यायाधीशसुद्धा थोडा कान देऊन ऐकतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. पत्नीचे डोळे तपासून घेण्यासाठी आम्ही उभयता खाप्याहून नागपुरास गेलो होतो. नागपूरचा मे महिना कसा असतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगावयास नको, आणि ज्यांनी अनुभवले नाही त्यांना सांगून समजावयाचे नाही. दुपारचे साडेबारा झाले होते. दवाखान्यानजीकच्या एका व्यापारी इमारतीच्या आवारात गाडी लावावी म्हणून शिरलो, तो सगळे आवार गाड्यांनी खच्चून भरलेले. मात्र एका कडेला पत्र्याचे छप्पर घातले होते व त्याखाली तीन जागा होत्या. एका जागेत मोटार उभी होती. दोन मोकळ्या होत्या. वर हिरव्या रंगाची पाटी होती, तिच्यावर मोटारीचे चित्र होते आणि त्या चित्रातून विजेची वायर बाहेर आलेली होती. ही पाटी मी वाचली. हे मी मुद्दाम सांगतो. कारण ‘पाटी दिसलीच नाही’ ही सबब अशा प्रसंगी जिभेच्या टोकावर असते आणि माझ्यापाशी ती नाही. पाटी मी वाचली आणि मनाशी म्हटले, ‘जागा मोकळीच तर पडली आहे. अर्ध्या तासात आपण परत येऊ. शिवाय येथे सावली आहे.’

डोळ्यांच्या दवाखान्यात अर्ध्या तासाचा सव्वा तास कसा होतो, हे पुष्कळांस ठाऊक असेल. औषधाचे थेंब घालतात आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत डोळे मिटून बसवून ठेवतात. आम्ही परत आलो तेव्हा माझ्या गाडीच्या मागे, भर उन्हात, एक विजेची टॅक्सी उभी होती. तिची चारही दारे सताड उघडी होती आणि आत तोंडाला दुपट्टा गुंडाळून चालक बसला होता. माझी चाहूल लागताच तो खाली उतरला, क्षणभर पाहत राहिला, दुपट्टा सोडला आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही?” आणि तेथेच, त्या तापलेल्या फरशीवर, वाकून माझ्या पाया पडला. वीसएक वर्षांपूर्वी खाप्याच्या शाळेत तो माझ्या वर्गात होता.

हळूहळू सगळा प्रकार माझ्या ध्यानी आला. त्या तीन जागांपैकी एकीवरची मोटार खरोखरच चार्ज होत होती. दुसरीवरच्या चार्जरला ‘बंद’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. ती मी येताना पाहिलीच नव्हती. चालू असलेला आणि मोकळा असा एकच चार्जर होता आणि त्याच्यापुढे मी माझी गाडी उभी करून गेलो होतो. त्याच्या बॅटरीत शेकडा सहा एवढीच वीज उरली होती. तेवढ्यावर दुसरे स्टेशन शोधीत जाण्याची त्याची छाती होईना, आणि आतले वातानुकूलन चालू केले तर तेवढीही वीज संपेल म्हणून तो दारे उघडी टाकून बसला होता. मी विचारले, “किती वेळ झाला रे?” तो म्हणाला, “झाला असेल तासभर.” विमानतळाचे एक भाडे आले होते, ते त्याला सोडावे लागले होते. “अरे, मग गाडीवाल्याला फोन तरी करावयाचा!” असे मी बोलून गेलो आणि बोलता बोलताच मला माझी लाज वाटली. तो हसून म्हणाला, “कोणाले करू गुरुजी? गाडीवर नंबर थोडीच लिहिला असते.” मी क्षमा मागू लागलो, तो त्याने माझा हात धरला. “राहू द्या ना गुरुजी. हे तं रोजचंच आहे.”

मी गाडी काढली, त्याने आपली आत घेतली आणि आम्ही निघालो. पत्नीच्या डोळ्यांवर अजून धुके होते. तिला त्याचा चेहराही नीट दिसला नव्हता. काटोल नाक्यापर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्याला पाणी तरी विचारायचं होतं.”

‘हे तं रोजचंच आहे’ हे शब्द माझ्याबरोबर खाप्यापर्यंत आले आणि अजून गेलेले नाहीत. त्याने रागावून चार शब्द सुनावले असते, तर ती माझी एकट्याची चूक ठरली असती आणि क्षमा मागून मी मोकळा झालो असतो. परंतु ज्या अर्थी ती रोजची गोष्ट आहे, त्या अर्थी माझ्यासारखे सभ्य, पाटी वाचता येणारे, अर्ध्या तासात परत येऊ म्हणणारे गृहस्थ रोज तेथे येत असले पाहिजेत. म्हणून या गोष्टीचा थोडा विचार करावा, असे मला वाटू लागले.

प्रथम साधे त्रैराशिक करून पाहू. पेट्रोलच्या पंपावर गाडीची टाकी भरावयास पाच मिनिटे पुरतात. पंपाच्या तोंडाशी कोणी गाडी लावून बाजारात निघून गेला, तर पाचव्या मिनिटास मागे रांग लागते, भोंगे वाजतात आणि आणखी पाच मिनिटांनी गर्दी जमते. त्यामुळे असा अविचार तेथे कोणी करीत नाही. विजेच्या मोटारीचा हिशेब निराळा आहे. एखाद्या मध्यम मोटारीच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते, असे धरू. युनिट म्हणजे तेच, जे आपल्या घरच्या विजेच्या बिलावर लिहून येते. घरच्या साध्या जोडणीवर तासाला ३ युनिट या वेगाने ती भरली, तर १० तास लागतात. म्हणजे हे काम रात्री निजल्यावर करावयाचे. १५ किलोवॅटच्या चार्जरवर २ तास लागतात. ६० किलोवॅटचा जलद चार्जर असला, तर गणिताने अर्धा तास येतो. पण प्रत्यक्षात शेकडा ८० च्या पुढे भरण्याचा वेग मुद्दाम कमी करतात, कारण बॅटरी तापून तिची हानी होऊ नये. घागर काठोकाठ येऊ लागली की आपण धार बारीक करतो, तसेच ते आहे.

आता या हिशेबात माझा सव्वा तास घाला. जलद चार्जरच्या जागी सव्वा तास उभ्या राहिलेल्या गाडीने एका मोटारीची जागा अडवली, असे वरवर दिसते. वस्तुतः तिने दोन मोटारींची पाळी खाल्ली. आणखी एक भेद आहे. माझी पेट्रोलची गाडी त्या आवारात कोठेही, किंवा बाहेर रस्त्याच्या कडेला, उभी राहू शकत होती. तिला तेथे केवळ उभेच राहावयाचे होते. त्या टॅक्सीला मात्र तेवढी एकच जागा होती. चार्जरची वायर काही हात लांब असते. ती शेजारच्या गाड्यांना वळसा घालून रस्त्यापर्यंत पोहोचत नाही. माझ्या दृष्टीने ती पन्नासांतली एक जागा होती. त्याच्या दृष्टीने ती एकुलती एक होती. एकाची किरकोळ सोय आणि दुसऱ्याची अनिवार्य गरज यांची अशी गाठ पडते, तेव्हा मोकळी दिसणारी जागा खरोखर मोकळी नसते.

विजेची मोटार ही कोणा नव्या काळाची नवलाई आहे, असेही कोणी समजू नये. १८९९ साली फ्रान्समध्ये कामीय झेनात्सी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने विजेच्याच मोटारीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला. तथापि पेट्रोलची गाडी लांब पल्ल्याची ठरली, तिचे खाद्य डब्यात भरून कोठेही नेता येई, आणि १९१२ साली तिला विजेचा स्टार्टर बसू लागल्यावर हँडल फिरविण्याचा त्रासही गेला. विजेच्या गाडीला मात्र वीज जेथे असेल तेथेच जावे लागे. तेव्हाची ती अडचण आज पुष्कळ कमी झाली आहे, पण नाहीशी झालेली नाही. गाडी सुधारली, तिची जागा मात्र अजून दुसऱ्याच्या हातात आहे.

याचा अनुभव आमच्या नागपूरने इतर शहरांच्या आधी घेतलेला आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेच्या टॅक्सी, रिक्षा व बस यांचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. ओला आणि महिंद्र या कंपन्या त्यात होत्या आणि सुमारे २०० वाहनांची योजना होती. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात इंडियन ऑइलच्या एका पेट्रोल पंपावर चार्जिंग स्टेशन उघडले. पेट्रोल पंपावर अशी सोय होण्याचा मान देशात प्रथम नागपुरास मिळाला, असे तेव्हा सांगण्यात आले. परंतु काही महिन्यांतच चालकांच्या तक्रारी वृत्तपत्रांत येऊ लागल्या. गाडी वाईट आहे, ही त्यांची मुख्य तक्रार नव्हती. चार्जर थोडे आणि गाड्या पुष्कळ. दिवसाचे कित्येक तास रांगेत जातात आणि तेवढे भाडे बुडते, असे त्यांचे म्हणणे होते. टॅक्सीवाल्याचा वेळ म्हणजेच त्याची मिळकत. गाडीच्या हप्त्याची तारीख काही रांगेत उभी राहत नाही.

त्यानंतर चार्जर पुष्कळ वाढले, हे कबूल केले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली जे धोरण जाहीर केले, त्यात मुंबईसाठी १५००, पुण्यासाठी ५०० आणि नागपूरसाठी १५० सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांचे उद्दिष्ट ठेवले होते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये इमारतींच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती सुचवून वाहनतळाच्या शेकडा २० जागांना चार्जिंगची सोय असावी, असे म्हटले. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाला. एवढ्या लांबीच्या प्रवासात वाटेत बॅटरी भरावीच लागते. हे सगळे आकडे चांगले आहेत. परंतु ज्या चार्जरपुढे दुसरीच गाडी उभी आहे, तो त्या वेळेपुरता नसल्यातच जमा आहे. १५० स्टेशने उभी राहिली आणि त्यांतल्या ५० जागा भलत्याच गाड्यांनी अडल्या, तर शहराजवळ १०० च उरली. ती ५० पुन्हा बांधावयास लाखो रुपये लागतील. मोकळी ठेवावयास एक पैसाही लागत नाही.

आता माझ्या बाजूनेही दोन शब्द बोलू द्या. आरोपीलाही वकील असतो. सीताबर्डीत किंवा इतवारीत ज्याने गाडी लावण्यासाठी चार फेऱ्या मारल्या आहेत, त्याला समोर दोन जागा तासन्‌तास रिकाम्या दिसल्या म्हणजे मोह होतो. तो मोह दुष्टपणाचा नव्हे, थकव्याचा आहे. पुष्कळ ठिकाणी पाटी उंच भिंतीवर कोठेतरी असते, जमिनीवर काहीच खूण नसते. कित्येक चार्जर बंद पडलेले असतात आणि ते बंद आहेत, हे सांगणारी चिठ्ठीही वाऱ्याने उडून गेलेली असते. पाच वेळा बंद पाहिलेला चार्जर सहाव्या वेळी चालू असेल, हे कोणाच्या लक्षात यावे? आणि सर्वांत मोठा आक्षेप असा की, ही महागडी वाहने श्रीमंतांची. त्यांच्यासाठी सार्वजनिक जागा का राखून ठेवावी?

या शेवटच्या आक्षेपाला मी बराच काळ मान देत होतो. पण माझ्या मागे उन्हात बसलेला माणूस श्रीमंत नव्हता; त्याच्या जागी पेट्रोलची गाडी लावून सावलीत ठेवणारा मीच त्याच्यापेक्षा सुखवस्तू होतो. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या विजेच्या वाहनांत अधिक भरणा दुचाकी आणि तीनचाकी वाहनांचा आहे. त्या गाड्यांवर बसणारे लोक नोकरदार आहेत, रिक्षावाले आहेत, घरोघर सामान पोहोचविणारे तरुण आहेत. ज्याच्या बंगल्यात स्वतःचा चार्जर आहे, त्या श्रीमंताला सार्वजनिक चार्जरची गरज क्वचित पडते. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ती रोज पडते. म्हणजे या जागा अडवल्याने ज्याला इजा होते, तो बहुधा ज्याला इजा सोसवत नाही असाच असतो.

परदेशांत या प्रकाराची इतकी वाढ झाली आहे की अमेरिकेत त्यासाठी एक नवे क्रियापदच निघाले आहे. इंजिनाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे घेऊन अशा जागा अडविण्यास ते ‘आयसिंग’ म्हणतात. क्वचित तेथे खोडसाळपणाही होतो. २०१८ सालच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हिकरी या गावी काही मालवाहू गाड्यांच्या चालकांनी चार्जिंगच्या जागा बुद्ध्या अडवून धरल्या होत्या. आपल्याकडे अजून तसला द्वेष नाही. आपल्याकडे आहे ती बेफिकिरी. जर्मनीने २०१५ साली कायदा करून विजेच्या गाड्यांसाठी जागा राखण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला आणि त्या गाड्यांच्या क्रमांकाच्या शेवटी एक विशिष्ट अक्षर घातले.

पण मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटला तो कॅलिफोर्नियाचा नियम. अशा राखीव जागेत पेट्रोलच्या गाडीने उभे राहू नये, एवढेच तो सांगत नाही. जी गाडी चार्जिंगसाठी जोडलेली नाही, तिने तेथे उभे राहू नये, असे तो सांगतो. म्हणजे विजेची गाडी असली, पण वायर लावलेली नसली, तर तीसुद्धा दोषीच. टेस्ला कंपनीनेही डिसेंबर २०१६ पासून, बॅटरी भरल्यावरही गाडी न हलविणाऱ्या आपल्याच ग्राहकांकडून मिनिटामिनिटाचे पैसे घेण्यास प्रारंभ केला. या दोन गोष्टींत सगळे तत्त्व आले. ती जागा विजेच्या गाडीची नाही आणि पेट्रोलच्या गाडीचीही नाही. ती जागा चार्जिंगची आहे. जोपर्यंत वीज भरली जात आहे, तोपर्यंत ती तुमची. भरून झाली की दुसऱ्याची.

हे तत्त्व शोधण्यासाठी आम्हा खाप्याच्या लोकांना कॅलिफोर्नियापर्यंत जावयाची वस्तुतः गरज नव्हती. आमचे गाव कन्हान नदीच्या काठी उंचावर वसलेले आहे. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात नदीचे पात्र आटले, म्हणजे वाळूत हात-दोन हात खोल झिरे खणीत. त्या झिऱ्यात पाणी हळूहळू पाझरे. बायाबापड्या करवंटीने ते घागरीत भरीत. एक घागर भरावयास बराच वेळ लागे आणि मागे चार घागरी थांबलेल्या असत. तेथे कोणी पाटी लावलेली नव्हती, शिपाई नव्हता, दंड नव्हता. पण एक नियम लहान पोरालाही ठाऊक होता. घागर भरली की उठावयाचे. झिऱ्याच्या काठी बसून भांडी घासावयाची नाहीत, गप्पा मारावयाच्या नाहीत. त्यासाठी सगळे वाळवंट मोकळे आहे. विहिरीवर दहा बायका एकाच वेळी पोहरा टाकू शकतात; झिऱ्यावर एकीलाच बसता येते आणि पाणी मंद येते, म्हणूनच झिऱ्याचा नियम विहिरीपेक्षा कडक होता. पेट्रोलचा पंप ही विहीर आहे. चार्जर हा झिरा आहे.

जुन्या पाणवठ्यांविषयी बोलताना त्यांचे नुसते गोडवे गाणे मात्र मला पटत नाही. त्याच पाणवठ्यांवर जन्मामुळे कित्येकांना पाय ठेवू दिला जात नव्हता, आणि सार्वजनिक तळ्याचे पाणी सर्वांचे आहे, एवढी साधी गोष्ट सिद्ध करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडास चवदार तळ्यावर जावे लागले. त्या अन्यायाची आणि गाडी लावण्याच्या गैरसोयीची तुलना करणे हा अविवेक होईल आणि मी ती करीत नाही. मी त्यातून एवढेच घेतो की, ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर लिहिल्याने जागा सार्वजनिक होत नाही. ज्याच्यासाठी ती केली, त्याला तेथपर्यंत प्रत्यक्ष पोहोचता आले, म्हणजे होते.

मग करावे काय? कायदा आहे, पण तो या कामासाठी लिहिलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमात सार्वजनिक जागी इतरांस धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे करू नये, असे म्हटले आहे. पण प्रत्येक दुकानाच्या आवारात पोलीस येऊन उभा राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. बरेच काम त्यापेक्षा स्वस्तात होण्यासारखे आहे. जमिनीवर चांगल्या जाड रेघांनी हिरवा रंग द्यावा. डोके वर करून पाटी वाचणारे थोडे, पण चाकाखाली काय आहे ते प्रत्येक चालक पाहतो. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या वाहनांना हिरव्या क्रमांकपट्ट्या ठरवून दिल्या आहेत: खाजगी गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीला हिरव्यावर पिवळी. त्यामुळे आवाराच्या पहारेकऱ्याला इंजिनाचे ज्ञान असण्याचे कारण नाही. पट्टी हिरवी नसली तर त्याने नम्रपणे, पण ठामपणे, गाडी पुढे न्यावयास सांगावे. आणि मालकाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. आपल्याकडे पहारेकरी गप्प बसतो तो अज्ञानामुळे नव्हे. मोठ्या गाडीतल्या माणसाने ओरडल्यावर आपली बाजू कोणी घेणार नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

चार्जर बंद असेल तर मालकाने तसे ठळकपणे लिहावे आणि तो लवकर दुरुस्त करावा. बंद चार्जर लोकांना वाईट सवय लावतो. तो नियमाची किंमत कमी करतो. आणि ज्यांची गाडी विजेची आहे अशा श्रोत्यांना माझी वेगळी विनंती आहे. चार्जरला गाडी लावून सिनेमाला जाणे, किंवा बॅटरी भरून झाल्यावरही ‘ही जागा आमचीच’ म्हणून गाडी रात्रभर तेथेच ठेवणे, हे तुमच्याकडून झाले तर मग कुंपणच शेत खाऊ लागले असे होईल. प्रवासात गरजेपुरती वीज झाली, की शेकडा शंभरचा हट्ट न धरता जागा सोडावी. शेवटच्या पंचमांशाला वेळ फार लागतो आणि मागच्याला तेवढाच वेळ पुरतो. काचेच्या आत एका कागदावर आपला फोन नंबर लिहून ठेवला, तर मागच्या माणसाला तासभर दारे उघडी टाकून बसावे लागणार नाही. ‘गाडीवर नंबर थोडीच लिहिला असते’ असे जे मला सांगण्यात आले, त्याचे एवढे उत्तर तर आपण सर्वांना देता येते, मग आपली गाडी कशाचीही असो.

मोठ्या गृहसंस्थांतून राहणाऱ्या कुटुंबांनीही याचा वेळीच विचार करावा. आज इमारतीत विजेच्या दोन गाड्या असतील, उद्या दहा होतील. पाळीचा तक्ता आज दोघे असतानाच भिंतीवर लागला, तर दहांना तो सवयीचा वाटेल. दहा झाल्यावर जो लावावयास जाईल, त्याला आधी भांडण मिटवावे लागेल. तीस वर्षे वर्ग सांभाळल्यानंतर एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

त्या दुपारनंतर मी दोन गोष्टी केल्या. माझ्या जुन्या गाडीच्या काचेच्या आत आता माझा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. दुसरी गोष्ट, दोन महिन्यांनी पुन्हा डोळे दाखवावयाचे होते, तेव्हा आम्ही गाडी नेलीच नाही. त्या विद्यार्थ्याचा नंबर गावातून मिळवला आणि नागपुरास पोहोचल्यावर दिवसभरासाठी त्याचीच टॅक्सी सांगितली. त्याने पैसे घेण्यास बरेच आढेवेढे घेतले. मी ऐकले नाही. दुपारी तो म्हणाला, “गुरुजी, जरा चार्जिंग करून घेतो.” आम्ही त्याच आवारात गेलो. छपराखाली चालू चार्जरच्या जागी एक भली मोठी पेट्रोलची मोटार उभी होती. मालकाचा पत्ता नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही आणि चारही दारे उघडली. पत्नीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हाती दिली, आणि आम्ही तिघेही त्या मालकाची वाट पाहत बसलो.

तो गृहस्थ पन्नास मिनिटांनी आला. सभ्य दिसत होता. “अहो, अर्ध्या तासात येणार होतो,” तो म्हणाला.

मी त्याला काय सांगणार? एवढेच म्हटले, “मीही तसेच म्हणालो होतो.”